बाक मध्यवर्ती ठिकाणी बसवण्यात यावा

माणसाला कशावरून हाक मारावी, याला काही धरबंध असावा की नाही? डॉक्टरला डॉक्टर म्हणा. टकल्याला पाठीमागे काय म्हणायचं ते म्हणा, पण समोर साहेब म्हणा. इथं मात्र एका सरळमार्गी गृहस्थाला, ज्यानं उभी हयात छापखान्यात प्रूफं तपासली, लोकांच्या चुका स्वतःचे डोळे खर्ची घालून निस्तरल्या, त्याला केवळ त्याचं घर गल्लीच्या टोकाला आहे म्हणून सगळे 'शेवटचे काका' म्हणत. दूधवाला म्हणे, पार्सलवाला म्हणे, कालपरवा राहायला आलेली माणसंही म्हणत. एकदा पेपरवाला कोपऱ्यावरून ओरडला, "फक्त शेवटचे काका राहिलेत!" तेव्हा काका दाढी करत होते. ब्लेड लागलं.

गल्ली बंद होती, हा काय काकांचा दोष? घर घेतलं तेव्हा पुढे रस्ता निघणार होता. सगळ्याच बंद गल्ल्यांमध्ये पुढे रस्ता निघणार असतो. निघाला नाही. काकांच्या घराच्या मागं अंगण, अंगणाच्या शेवटी काकांनीच बांधलेली पुरुषभर उंचीची भिंत, आणि भिंतीपलीकडे दुसरी गल्ली, तीही या बाजूनं बंदच. त्या गल्लीचं तोंड हमरस्त्याला होतं. बसथांबा तिकडे, किराणा तिकडे, औषधाचं दुकान तिकडे. आपल्या गल्लीतल्या माणसाला बस पकडायची तर आधी गल्लीच्या तोंडाशी जायचं, मग अख्ख्या वस्तीला वळसा घालायचा. सगळे वर्षानुवर्षं घालत होते. सवय झाली की वळसाही सरळ वाटतो.

आता मूळ भानगड सांगतो. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी काकू रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत जात, चार बायका उभ्या असत, तासभर सगळ्या जगाचा निकाल लावून परत येत. ऑपरेशननंतर त्यांना फाटकाच्या पुढे फार जाता येईना. बायका पहिले काही दिवस भेटायला आल्या, फळं आणली, मग फळं थांबली आणि बायकाही. टोकापर्यंत कोण येणार? म्हणून काकूंनी काकांमार्फत गल्लीच्या मंडळाला एक साधी विनंती केली की, मधे कुठंतरी एक बाक टाका. मी हळूहळू तिथवर येईन, तुम्हीही याल.

मंडळानं ती एकमतानं मान्य केली. घात झाला तो इथं. मान्य झालेली गोष्ट चिटणिसांच्या हाती गेली.

चिटणीस गल्लीतल्या पहिल्या घरात राहत. माणूस वाईट नव्हता, पण त्याची भाषा कचेरीत नासली होती. घरीसुद्धा म्हणे, "चहा करण्यात यावा." त्यांनी ठराव लिहिला : 'बाक मध्यवर्ती ठिकाणी बसवण्यात यावा.' आणि पुढच्याच रविवारी सकाळी काका दूध आणायला गेले तर नवा कोरा बाक चिटणिसांच्या फाटकासमोर सिमेंटमध्ये पाय रोवून उभा. चिटणीस त्यावर बसून बूट घालत होते.

"चिटणीस, हे काय?"

"बाक."

"ते दिसतंय मला. इथं कसा?"

"ठरावानुसार बसवण्यात आला आहे."

"ठरावात मध्यवर्ती म्हटलंय. हे गल्लीचं तोंड आहे. तोंडाला कुणी पोट म्हणतं का?"

चिटणिसांनी बुटाची नाडी सावकाश बांधली. "काका, मध्यवर्ती म्हणजे जिथून सगळ्यांचं जाणंयेणं असतं असं ठिकाण. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला इथूनच जावं लागतं. तुमच्या दारावरून कोण जातं, सांगा बरं?"

झालं! काकांच्या नाकाला अशी मिरची झोंबली की विचारू नका. कारण उत्तर सोपं होतं. त्यांच्या दारावरून कुणीही जात नव्हतं. चुकलेली गाय सोडली तर.

"मध्य म्हणजे मध्य," काका म्हणाले. "तो तुमच्या सोयीनं सरकत नसतो."

"मग रीतसर सिद्ध करा. येत्या सभेत विचार करण्यात येईल."

"करतोच!" असं म्हणून काका तरातरा घरी आले. दूध राहिलं.

"बाक मिळाला?" काकूंनी विचारलं.

"मिळेल. मिळाल्याशिवाय राहणार नाही! मध्यवर्ती शब्दाचा अर्थ शिकवतो मला तो माणूस. मला!"

"बाकासाठी भांडताय का शब्दासाठी?"

"दोन्ही एकच."

"एक नाही हो," काकू म्हणाल्या, आणि दुधाचं रिकामं पातेलं परत कपाटात ठेवलं.

काकांनी शब्दकोश काढला. गंमत म्हणजे त्या कोशाची 'म'ची प्रूफं त्यांनीच तपासली होती. तेव्हा हा शब्द त्यांच्या नजरेखालून गेला होता, पण प्रूफ तपासणारा माणूस वेलांटी बघतो, अर्थ लेखकाकडे. आता त्यांनी पहिल्यांदाच अर्थ वाचला. मध्यवर्ती : मध्यभागी असलेला, प्रमुख, सर्वांना सोयीचा. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात तीन बिऱ्हाडं, आणि तिघांचं एकमेकांशी पटण्यासारखं नाही. काकांनी पहिलं धरलं. मध्यभागी. ते मोजता येतं. मोजलेल्या गोष्टीला चिटणीस काय, त्याचा बापही नाही म्हणू शकत नाही.

मोजायला त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी घेतली. एक टोक स्वतःच्या फाटकाला बांधलं, दुसरं धरून गल्लीच्या तोंडाकडे निघाले. जाताना पुरली, परत येताना उरली. दोरी नायलॉनची होती, ओढली की वाढायची. तिसऱ्या खेपेला काका जोर लावून ओढत असताना दूधवाल्याची सायकल त्या दोरीत आली. दूधवाला वाचला. दूध गेलं. त्या दिवशी काकांच्या घरात दुसऱ्यांदा दूध नव्हतं आणि गल्लीतल्या बाकीच्यांच्या घरातही नव्हतं, त्यामुळे सगळे बाहेर आले.

बाहेर आलेला शेजारी सल्ला दिल्याशिवाय आत जात नाही.

पहिले आले पूलवाले. हे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यात त्यांनी एकच पूल बांधला, पण तो अजून उभा आहे याचा त्यांना इतका अभिमान की पाऊस जोरात झाला की त्याची चौकशी करायला जात. ते म्हणाले, "काका, लांबीवरून मध्य काढतात का कधी? गल्ली तिकडे रुंद, इकडे अरुंद. गुरुत्वमध्य काढा!" त्यांनी लगेच घरातून बुटांचा खोका आणला, त्याच्या पुठ्ठ्यावर गल्ली काढली, कापली, आणि पेन्सिलीच्या टोकावर तोलून धरली. पुठ्ठा डुगडुगला, स्थिरावला. सगळ्यांनी वाकून बघितलं. पेन्सिल बरोबर पूलवाल्यांच्या फाटकाखाली होती.

"शास्त्राला माझा इलाज नाही," पूलवाले नम्रपणे म्हणाले.

"पुठ्ठ्याला माणसं राहतात का?" मागून गणिताच्या बाई म्हणाल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. समोरच्या माणसाला त्या अजून 'हात खाली' म्हणत. "मध्य म्हणजे असं ठिकाण, की जिथं पोचायला सगळ्यांचं मिळून चालणं कमीत कमी होतं. प्रत्येक घरातली माणसं धरायची, त्यांचं चालणं धरायचं, बेरीज करायची. मी घरी जाऊन करते." आणि करून आणली. उत्तर बाईंच्या दारात आलं. कुणीतरी पुटपुटलं की बाईंनी स्वतःच्या घरात तीन माणसं जास्त धरलीत. बाई म्हणाल्या, पाहुणे येतात.

तेवढ्यात विमावाले आले. ते म्हणाले, चालणं-बिलणं सोडा, ज्याच्या ओळखी जास्त तो मध्य. गल्लीत कुणाकडे सगळ्यात जास्त माणसं येतात? आणि खिशातून सगळ्यांना आपलं कार्ड दिलं.

काका चक्रावले. गल्लीत जितकी घरं तितके मध्य, आणि जो तो मध्य ज्याच्या त्याच्या दारात. अहो, व्याख्या करावी तर अशी! माणूस आधी स्वतःच्या फाटकाला टेकून उभा राहतो आणि मग जगाचा मध्य शोधायला निघतो. काकांनीही घरी जाऊन तसं करून बघितलं, खोटं कशाला सांगू? लांबी, वजन, चालणं, ओळखी, सगळं ओढूनताणून पाहिलं. पण काही केल्या मध्य त्यांच्या दारात येईना. सगळ्यांच्या गणितात शेवटचं घर शेवटीच राहत होतं.

"आता सरकारी नकाशा," काका म्हणाले. "सरकारला गल्लीत घर नसतं. सरकार खरं सांगेल."

"खरं कळलं म्हणजे गुडघा वळणार आहे का माझा?" काकूंनी विचारलं. काका चष्मा शोधत होते, त्यांना ऐकू आलं नाही. "अहो, चष्मा डोक्यावर आहे!" काकू नेहमीसारख्या ओरडल्या. हे वाक्य त्या घरात रोज निदान एकदा तरी, खिडकीबाहेर जाईल एवढ्या मोठ्यानं उच्चारलं जाई. काकांचा चष्मा वाचायचा, त्यामुळे तो सारखा कपाळावर चढे आणि तिथून मागे जाऊन स्मरणातून जाई.

नकाशा विभाग पालिकेच्या इमारतीत शेवटच्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत होता. काकांना हे आवडलं नाही. आत एक कारकून होता आणि त्याच्यासमोर दुसरा कारकून नव्हता, पण त्याची खुर्ची होती. "ते आल्याशिवाय नकाशा निघत नाही," पहिला म्हणाला. "किल्ली त्यांच्याकडे असते." "ते कधी येतील?" "त्यांची बदली झाली." शेवटी किल्ली पहिल्याच्याच टेबलात सापडली, कारण बदली होताना तो माणूस ती तिथं ठेवून गेला होता आणि तसं सांगूनही गेला होता.

नकाशा पसरला. काकांनी चष्मा लावला. गल्ली होती. चिटणीस होते, पूलवाले होते, बाई होत्या, विमावाले होते. सगळ्यांच्या घरांचे चौकोन ओळीनं मांडलेले. काकांनी बोट सरकवत सरकवत टोकाला नेलं आणि बोट कागदाच्या पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबलं.

"माझं घर?"

कारकुनानं वाकून बघितलं. मग शेजारच्या वॉर्डाचा नकाशा काढून बाजूला लावला. त्यात पलीकडची गल्ली होती, तीही भिंतीपाशी संपत होती. दोन्ही नकाशांच्या मधे दोन पांढऱ्या पट्ट्या.

"तुमचं घर समासात आलंय," तो म्हणाला.

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या चुका समासात लिहिल्या, त्याला हे ऐकावं लागलं! काकांनी पट्टीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "कर तर नेमानं घेता माझ्याकडून."

"तो वेगळा विभाग. त्यांच्याकडे तुम्ही आहात."

शहाण्या माणसानं इथं नकाशा गुंडाळून गप्प बसायचं. पण काका सभेत गेले आणि पुरावा म्हणून स्वतःच तो नकाशा चिटणिसांच्या हातात ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना म्हणायचं होतं, बघा, नकाशावर बाकाची जागा मधोमध दाखवता येते. चिटणिसांनी मात्र नकाशा टोकापर्यंत वाचला.

"म्हणजे काका, तुम्ही या गल्लीत राहतच नाही."

"मी तिथं तीस वर्षं राहतोय!"

"कागदोपत्री नाही. तेव्हा बाकाच्या जागेबाबत आपल्याला मत नाही. सभेला पाहुणे म्हणून थांबण्यास हरकत नसावी." आणि वर प्रेमानं म्हणाले, "पाहुण्यांना चहा देण्यात यावा."

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, आपली माणसं हसतात तशी. पूलवाल्यांनी तर पाठीवर थापही मारली. काकांनी चहा घेतला नाही. ते उठले, नकाशा काखेत मारला आणि त्या लांबलचक गल्लीतून घराकडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःशी म्हणाले, किती लांब आहे हे.

काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. खिडकीतून काय दिसतं? अंगण आणि भिंत. काकांनी घडलेलं सगळं सांगितलं, चिटणिसांचे शब्द जसेच्या तसे, आवाज काढून. काकू हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"आज ती गायली नाही," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"पलीकडची. रोज कपडे वाळत घालताना गाते. बेसूर आहे, पण गाते. आणि नवऱ्याशी टॉवेलवरून भांडते, ओला टॉवेल गादीवर टाकतो म्हणून. आज काहीच आवाज नाही. बरं नसेल का तिला?"

"तू ओळखतेस तिला?"

"मी कुठं बघितलंय? इतकी वर्षं ऐकतेय नुसतं." काकू भिंतीकडे बघत राहिल्या. "मला मधे-बिधे काही नको होतं हो. माणसं दिसली पाहिजेत, एवढंच म्हणणं होतं माझं. गेल्या महिन्यात तुम्ही आणि डॉक्टर सोडून मी कुणाचं तोंड पाहिलं, आठवून सांगा."

काकांनी आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काही नव्हतं. दोरी, पुठ्ठा, शब्दकोश, नकाशा, इतके दिवस ते जगभर मध्य शोधत होते आणि ही इथं भिंतीकडे तोंड करून बसली होती. ते अंगणात गेले, भिंतीवर हातानं थापटलं. भिंत त्यांचीच. स्वतः विटा आणून उभी केलेली. कशासाठी केली होती? चोर येऊ नयेत म्हणून. चोर आले नाहीत, हे खरं. दुसरंही कुणी आलं नाही.

"पाडतो," ते म्हणाले.

"काय?"

"भिंत. दार काढतो तिथं. पलीकडे बसथांबा आहे, दुकानं आहेत. बघू आता माझ्या दारावरून कोण जात नाही ते!"

काकूंच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येत नाही, पण त्या खुर्चीतून आधार न घेता उठल्या, हे काकांनी पाहिलं.

परवानगी मात्र रीतसर काढायची, हा काकांचा हट्ट. छापखान्याचा माणूस, सही-शिक्क्याशिवाय त्याला झोप येत नाही. ते पुन्हा नकाशा विभागात गेले. कारकून म्हणाला, तुमचं घर आमच्या वॉर्डात नाही, परवानगी पलीकडचा वॉर्ड देईल. पलीकडच्या वॉर्डातला म्हणाला, आमच्याकडे तुम्ही नाही, अलीकडच्यांना विचारा. अलीकडचा पुन्हा म्हणाला, पलीकडे. दोन इमारतींमध्ये काकांच्या चपला झिजल्या. शेवटी ते कारकुनासमोर हात जोडून बसले. "बाबा रे, एकदाच सांग. भिंत पाडायला परवानगी कोण देणार?"

कारकुनानं त्यांच्याकडे पहिल्यांदा माणसासारखं बघितलं. "काका, घर नकाशात नाही. बरोबर?"

"बरोबर."

"घरच नाही तर भिंत असेल का?"

"नाही."

"आणि जी भिंतच नाही, ती पाडायला परवानगी कशाची मागताय?"

काकांनी त्याचे हात हातात घेतले. सरकारदरबारी एवढं सरळ उत्तर त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

गवंडी आला. "दार कुठं काढायचं?" "मधोमध," काका ठासून म्हणाले. शेजाऱ्यांना कुणकुण लागलीच होती. विमावाले म्हणाले, चोर येतील, विमा काढा. बाई म्हणाल्या, वारा सुटेल. पूलवाले म्हणाले, वर आधार दिल्याशिवाय मधलं काढू नका, मी पूल बांधलाय, ऐका माझं. काकांनी ऐकलं नाही. या महिन्यात त्यांना पुरेसे सल्ले मिळाले होते. गवंड्यानं पहिला घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला दारापुरती भिंत पडली. चौथा घालायच्या आतच दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत, आपल्याला कुणी विचारलंच नाही अशा थाटात, हळूच पलीकडे झोपली. पूलवाले काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

धूळ बसली. पलीकडे, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे, एक बाई उभी होती. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, चादरी तर होत्याच पांढऱ्या. हातात काठी.

"कोण आहे रे तो मेला!" ती ओरडली.

काका पुढे झाले. गोंधळले की चष्मा शोधायचा हा त्यांचा स्वभाव, म्हणून ते खिसे चाचपू लागले. शर्टाचा खिसा, लेंग्याचा खिसा. मागून काकू लंगडत आल्या आणि सवयीनं ओरडल्या, "अहो, चष्मा डोक्यावर आहे!"

पलीकडच्या बाईचा काठीचा हात खाली आला. "अगंबाई! ती तुम्हीच का? 'चष्मा डोक्यावर आहे'?"

"आणि तुम्ही ओला टॉवेल?"

"मीच ती!"

"इतके दिवस गायला नाहीत?"

"घसा बसलाय हो. तुमच्या लक्षात आलं?" ती विटांवरून अलीकडे यायला लागली. "मी आमच्या गल्लीतली शेवटची. आमच्याकडे कुणी येत नाही. मला आपली सोबत म्हणजे तुमच्या यांचा चष्मा."

दोघी एकमेकींचा हात धरून त्या पडलेल्या भिंतीवरच बसल्या. इतक्या वर्षांची ओळख आणि आज पहिली भेट, त्यामुळे बोलणं मधूनच सुरू झालं, सुरुवातीची गरजच पडली नाही. काका आणि गवंडी धुळीत तसेच उभे राहिले. चादरी काकांनी धुऊन द्यायच्या, असं परस्पर ठरलं.

दुसऱ्या दिवशी चिटणीस आले. सोबत मंडळाचे दोघे-चौघे. "काका, हे बेकायदा आहे. परक्या गल्लीतली माणसं आपल्या गल्लीत येतील. मंडळाची हरकत नोंदवण्यात येत आहे."

काका पायरीवर बसले होते. त्यांनी शांतपणे तोच नकाशा उलगडला. "कुठल्या गल्लीत म्हणालात?"

"आपल्या."

"माझं घर तुमच्या गल्लीत नाही, हे तुम्हीच भर सभेत सांगितलंत. मला पाहुणा केलंत. मग पाहुण्याच्या घराची भिंत पडली तर तुमच्या मंडळाचं काय गेलं? मी समासातला माणूस. समासात मी काय वाटेल ते करीन!"

चिटणिसांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. कुठलाही 'ण्यात यावा' जुळेना. ते गेले.

मग त्या वाटेला पाय फुटले : फाटकातून आत, घराच्या कडेनं अंगणात, अंगणातून पलीकडे. पहिल्यांदा पलीकडची पोरं धावत अलीकडे आली आणि परत गेली, नुसती जमतं म्हणून. मग विमावाले गेले, तिकडे नवी गिऱ्हाइकं होती. बाईंनी गणित केलं आणि जाहीर केलं की अख्ख्या गल्लीचं बसथांब्यापर्यंतचं चालणं पावाहून कमी झालं आहे, हात खाली. आणि काय सांगू, आठवड्याभरात काकांच्या अंगणाची चावडी झाली. सकाळी सहापासून माणसं. कुणी वाजले किती विचारतं, कुणी पाणी मागतं, कुणी अंगणातून कपाट नेतं आणि दमलं म्हणून तिथंच ठेवून चहा पितं. काका आंघोळीहून पंचा गुंडाळून बाहेर आले की दोन गल्ल्या त्यांना नमस्कार करत. "या घरात आता क्षणाची शांतता म्हणून नाही!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत. काकू आणि पलीकडची उरलेल्या भिंतीवर उशा टाकून बसत. त्यांच्याभोवती आधी दोन, मग सहा, मग मोजायचं कुणी सोडलं. गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या राहायच्या, त्याही इकडेच आल्या. चिटणिसांची बायको तर पहिल्या दिवसापासून.

राहिले चिटणीस. ते वळसा घालत. बस चुकली तरी वळसा. कचेरीत उशीर लागला तरी वळसा. आणि त्यांच्या फाटकासमोरच्या बाकावर कावळ्यांखेरीज कुणी बसत नव्हतं.

एका सोमवारी सकाळी जोराचा पाऊस होता. चिटणीस डबा छातीशी धरून काकांच्या फाटकाशी उभे राहिले. काका पायरीवर पेपर वाचत होते, म्हणजे वाचत असल्याचं दाखवत होते.

"काका..."

"बोला."

"जाऊ का इथून?"

काकांनी पेपर खाली घेतला. किती दिवस ते या क्षणासाठी वाक्यं घोळवत होते! तुमच्या दारावरून कोण जातं? कागदोपत्री तुम्ही कोण? एकाहून एक धारदार, प्रूफ तपासून तयार. पण भिजलेला माणूस समोर उभा राहिला की छापील वाक्यं कामाला येत नाहीत. "जा की," ते म्हणाले. "पळा, बस आलीय." आणि मग मात्र राहवलं नाही, म्हणून मागून ओरडले, "जाण्यात यावं!"

त्या रविवारी सभा काकांच्या अंगणातच भरली, कारण सगळे तसेही तिथंच होते. चिटणिसांनी उभं राहून घसा साफ केला आणि ठराव वाचला : 'सदर बाक गैरसोयीच्या जागी असल्याने उखडून मध्यवर्ती ठिकाणी, म्हणजे काकांच्या घरासमोर, हलवण्यात यावा.' टाळ्या पडल्या. पूलवाल्यांनी पाठीवर थाप मारली, तीच पाठ, तीच थाप.

"थांबा," काका म्हणाले. "मला दुरुस्ती सुचवायची आहे."

चिटणिसांच्या चेहऱ्यावर आता काय ही भीती.

"'मध्यवर्ती' काढा. तो शब्द फार चंचल आहे, ज्याच्या दारात जावा त्याचा होतो. उद्या आणखी कुणी भिंत पाडली की बाक पुन्हा उखडायचा का? साधं लिहा : 'शेवटच्या काकांच्या घरासमोर'. एवढं लिहिलं की पत्ता कुणाला विचारावा लागणार नाही."

"पण काका, शेवटचे म्हटलेलं तुम्हाला..."

"शेवटचे म्हणजे शेवटचे! गल्ली माझ्यापाशी संपते आणि दुसरी माझ्यापासून सुरू होते. जमणार असेल त्यांनी असं शेवटचं होऊन दाखवावं. लिहा!"

चिटणिसांनी लिहिलं आणि सहीसाठी कागद काकांपुढे धरला. आपलं नाव त्यांनी ठरावात नीट लिहिलंय की नाही, हे काकांना आधी वाचून बघायचं होतं, सवय जात नाही. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. लेंग्याचा चाचपला. पायरीवर बघितलं, पेपरखाली बघितलं. काकू तोंड उघडणार, तोच भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून, पोरासोरांसकट, दोन्ही गल्ल्या एका आवाजात ओरडल्या :

"काका, चष्मा डोक्यावर आहे!"